कीटक जमवणाऱ्या माणसांची पुस्तके: कोणती वाचावीत आणि कशी पारखावीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही शाळेत जीवशास्त्र शिकवता, मुलांबरोबर फुलपाखरांच्या नोंदी ठेवता आणि आता जुन्या काळच्या कीटक-अभ्यासकांची आयुष्ये वाचायची आहेत. सुरुवात कुठून करावी, चरित्र आधी वाचावे की त्या माणसाने स्वतः लिहिलेले पुस्तक, आणि यात आपल्या मुलखाशी जोडलेले कोणी आहे का?

माझे सगळे आयुष्य कीटकांच्या पेट्या सांभाळण्यात गेले. टाचणीखालच्या चिठ्ठीवर ज्यांची नावे असतात ती माणसे कोण होती, हे शोधत शोधत मी या पुस्तकांपर्यंत पोचले. त्यामुळे माझी पारख एकच आहे: पुस्तकात कीटक दिसला पाहिजे. प्रेमप्रकरणे, कर्ज, बुडालेली जहाजे, सगळे येऊ द्या. पण तो माणूस सकाळी उठून काय करायचा, सुरवंट कोणत्या पाल्यावर वाढवायचा, पेटीला मुंग्या लागू नयेत म्हणून काय युक्ती करायचा, नमुना कोणाला विकायचा, हे जर कळले नाही तर ते चरित्र कीटक-अभ्यासकाचे नाही. म्हणून माझे पहिले उत्तर: आधी त्यांचे स्वतःचे लेखन, मग चरित्र.

सुरुवात फ्रान्सच्या झाँ-आंरी फाब्रपासून करा. जन्म १८२३, मृत्यू १९१५. खेड्यातला गरीब मुलगा, पुढे शाळामास्तर झाला. आव्हिन्योंमध्ये मुलींना वनस्पतींचे परागण आणि फलन शिकवले म्हणून गावात गदारोळ उठला आणि त्याला ते गाव सोडावे लागले. १८७९ मध्ये सेरिन्याँ गावाबाहेर त्याने दगडगोट्यांची एक पडीक जमीन घर-अंगणासकट घेतली. त्या जमिनीला तिकडे 'आर्मास' म्हणतात. शेतीला निरुपयोगी आणि गांधीलमाश्यांना उत्तम अशी ही जागा. तिथे बसून त्याने 'सुव्हनीर आंतोमोलॉजिक' हे दहा खंड लिहिले, १८७९ ते १९०७ या काळात.

त्याआधी १८५५ मध्येच त्याने एक मोठे काम केले होते. काही गांधीलमाश्या भुंगेरे पकडून बिळात साठवतात आणि ते भुंगेरे बरेच दिवस ताजे राहतात. लेआँ द्युफूर या नावाजलेल्या अभ्यासकाला वाटले होते की डंखातल्या विषाने मेलेला भुंगेरा सडत नाही. फाब्रने स्वतः बिळे उकरून, भुंगेरे तपासून दाखवले की ते मेलेलेच नसतात. माशी नेमकी मज्जातंतूंच्या गाठीवर डंख मारते, त्यामुळे भुंगेरा लुळा पडतो, पण जिवंत राहतो आणि अळीला ताजे अन्न मिळते. अधिकारी माणसाचे म्हणणे एका मास्तराने बीळ उकरून तपासले, एवढीच ही गोष्ट आहे. तुमच्या वर्गात ती जरूर सांगा.

मुलांना आणखी एक प्रकरण वाचून दाखवा, युरोपातल्या सर्वांत मोठ्या पतंगाचे. सकाळी कोषातून मादी बाहेर आली, फाब्रने ती जाळीखाली ठेवली, आणि रात्री त्याचा धाकटा मुलगा पॉल अर्धवट कपड्यांत धावत ओरडू लागला की खोलीत पक्ष्यांएवढे पतंग शिरले आहेत. त्या रात्री चाळीसेक नर घरभर फिरत होते. हे येतात कशाच्या ओढीने? फाब्रने पुढची काही वर्षे त्याचाच पाठपुरावा केला. डांबरगोळ्यांसारख्या उग्र वासाने खोली भरून टाकली, तरी नर आलेच. मादी बंद डब्यात ठेवली तर मात्र येत नसत. अखेर आपल्या नाकाला न कळणारा काही गंध असावा, या निष्कर्षाला तो पोचला. रेशमाच्या पतंगाच्या मादीचे असे गंधद्रव्य अडॉल्फ ब्युटेनांटच्या चमूने १९५९ मध्ये वेगळे काढले, आणि त्यासाठी त्यांना सुमारे पाच लाख माद्या लागल्या.

इंग्रजीतून वाचणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. आलेक्सांडर तैशेरा द मातोस यांच्या भाषांतरांत मूळ खंडांचा क्रम मोडून कीटकांनुसार पुस्तके केली आहेत. फाब्रच्या बालपणाची आणि नोकरीची आत्मचरित्रात्मक प्रकरणे त्यामुळे 'द लाइफ ऑफ द फ्लाय' या माश्यांवरच्या पुस्तकात जाऊन बसली आहेत. फाब्रचे आयुष्य हवे असेल तर तेच उघडा. लग्रो यांनी १९१३ मध्ये, फाब्र हयात असतानाच लिहिलेले चरित्र भक्तिभावाने ओथंबलेले आहे. ते नंतर वाचलेत तरी चालेल. फाब्रला उत्क्रांती मान्य नव्हती. डार्विनने त्याला अतुलनीय निरीक्षक म्हटले, तरीही तो बधला नाही. म्हणून त्याची निरीक्षणे घ्या, आणि सहजप्रवृत्ती कधी बदलत नाहीत हा त्याचा निष्कर्ष तपासून घ्या. मुलांशी यावर वाद घालायला छान विषय मिळतो.

यानंतर हेन्री वॉल्टर बेट्स आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस. ही दोन पुस्तके जोडीने वाचायची. लेस्टर या इंग्लंडमधल्या गावी दोघांची ओळख झाली. बेट्स मोज्यांच्या धंद्यात उमेदवारी करणारा, वॉलेस शाळेत शिकवणारा. भुंगेऱ्यांचे वेड बेट्सने वॉलेसला लावले. १८४८ मध्ये दोघे ॲमेझॉनला गेले, खिशात पैसा नसताना. जमवलेले नमुने लंडनमधला अडत्या सॅम्युअल स्टीव्हन्स विकायचा आणि त्या पैशावर पुढचे महिने काढायचे. श्रीमंताचा छंद आणि पोटासाठी केलेली जमवाजमव यांतला फरक इथे नीट कळतो. पोटासाठी जमवणाऱ्याला प्रत्येक जातीचे अनेक नमुने लागतात, कारण ते विकायचे असतात. आणि एकाच जातीचे शेकडो नमुने हाताखालून गेले की प्रत्येक जीव थोडा वेगळा आहे हे आपोआप दिसू लागते. नैसर्गिक निवडीची कल्पना वॉलेसला सुचली त्यामागे हा रोजचा धंदा होता, असे माझे ठाम मत आहे.

वॉलेस १८५२ मध्ये परत निघाला तेव्हा अटलांटिकमध्ये जहाजाला आग लागली. नमुने, वह्या, चित्रे बहुतेक सगळी जळाली. दहा दिवस होडीत काढल्यावर दुसऱ्या जहाजाने त्याला उचलले. स्टीव्हन्सने मालाचा विमा उतरवून ठेवला होता म्हणून तो निदान भिकेला लागला नाही. दोन वर्षांनी तो पुन्हा निघाला, या वेळी मलय द्वीपसमूहाकडे. १८५४ ते १८६२ या आठ वर्षांत १,२५,६६० नमुने जमवले, त्यांतले ८३,२०० भुंगेरे. 'द मलय आर्किपेलगो' हे त्याचे १८६९ मधले पुस्तक या प्रवासाचे. बाचान बेटावर सोनेरी-नारिंगी रंगाचे मोठे पक्षिपंखी फुलपाखरू जाळ्यात आले तेव्हा आपले काळीज धडधडू लागले, घेरी येईल असे वाटले आणि उरलेला दिवस डोके दुखत राहिले, असे तो लिहितो. पहिल्यांदा वाचणाऱ्याला ही अतिशयोक्ती वाटते. मला ती तशी वाटत नाही.

या पुस्तकात एक नाव शोधत वाचा: अली. सारावाकचा मलय तरुण. आधी स्वयंपाकाला आला, मग नेम धरायला शिकला, पक्षी सोलायला शिकला, आजारी वॉलेसची शुश्रूषा केली, बेटाबेटावर बरोबर राहिला. पुढे वॉलेसचे नाव लागलेला नंदनपक्षी, बाचान बेटावरचा, पहिल्यांदा अलीनेच मारून आणला. १८६२ मध्ये सिंगापूरला निरोप घेताना वॉलेसने अलीचा फोटो काढवून घेतला आणि १९०५ च्या 'माय लाइफ' या आत्मचरित्रात तो छापला. त्या काळात इतकी ओळख देणारे संग्राहक थोडे. वॉलेसची चरित्रे बरीच आहेत. त्यांतले पीटर रेबी यांचे २००१ मधले मी शिफारशीला पात्र मानते. मात्र बहुतेक चरित्रे डार्विन आधी की वॉलेस आधी या वादात इतकी गुंततात की भुंगेरे मागे पडतात. म्हणूनच मूळ पुस्तक आधी.

बेट्स अकरा वर्षे तिथेच राहिला. १४,७१२ जाती जमवल्या, त्यांतल्या सुमारे ८,००० विज्ञानाला नव्या. एगा या एका गावाच्या आसपास त्याला फुलपाखरांच्या ५५० जाती मिळाल्या. चवदार फुलपाखरे बेचव फुलपाखरांचे सोंग घेतात हा त्याचा १८६२ मधला सिद्धांत आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. 'द नॅचरलिस्ट ऑन द रिव्हर ॲमेझॉन्स' हे १८६३ चे पुस्तक मला वॉलेसच्या पुस्तकापेक्षा जास्त जवळचे आहे. एकाच गावात वर्षानुवर्षे राहिलेल्या माणसाला जे दिसते ते त्यात आहे. दुपारी जंगल कसे गप्प होते, कुठल्या वेळी कोणती फुलपाखरे नदीकाठच्या ओल्या वाळूवर उतरतात, असे बारकावे पानोपानी भेटतात. एक प्रसंग मुद्दाम सांगते: एका मोठ्या केसाळ कोळ्याने छोटे पक्षी पकडलेले त्याने पाहिले. तोवर युरोपातले काही विद्वान अशा गोष्टीला थोतांड म्हणत होते, कारण ती एका बाईने चित्रात दाखवली होती.

ती बाई म्हणजे मारिया सिबिला मेरियन. जन्म फ्रँकफुर्टमध्ये १६४७. तेराव्या वर्षापासून रेशमाचे किडे पाळून त्यांची रूपे नोंदवत होती. किडे चिखलातून आणि कुजक्या पदार्थांतून आपोआप उपजतात असे तेव्हा पुष्कळ लोक मानत. ही मुलगी अंड्यापासून अळी, कोष, पतंग असे सगळे टप्पे त्या त्या झाडावर दाखवू लागली. १६९९ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, आपली चित्रे विकून पैसे उभे केले आणि धाकट्या मुलीला घेऊन ती दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. १७०१ मध्ये आजारपणामुळे परतावे लागले. १७०५ मध्ये सुरिनामच्या कीटकांवरचे, ६० पानभर चित्रांचे पुस्तक ॲमस्टरडॅममध्ये निघाले. त्यात पक्षी खाणारा कोळी आहे.

आणि त्यात आपला शंकासूर आहे. महाराष्ट्रात शाळेच्या कुंपणाला, बसस्थानकाच्या आवारात दिसणारे ते लाल-पिवळ्या फुलांचे झुडूप. मेरियनने त्यावर पतंगाचा सुरवंट काढला आणि शेजारी लिहून ठेवले की डच मळ्यांवर राबणाऱ्या गुलाम बायका या झाडाच्या बिया गर्भ पाडण्यासाठी वापरतात. आपले मूल आपल्यासारखे गुलाम होऊ नये म्हणून. हे तिला त्या बायकांनी स्वतः सांगितले होते. कीटकांच्या ग्रंथात हे लिहून ठेवणारी दुसरी व्यक्ती त्या काळात मला भेटलेली नाही. स्वतः मेरियनच्या हाताखालीही तिथे गुलाम काम करत होते. ही बाजू चरित्रकाराने लपवू नये. नॅटली झीमॉन डेव्हिस यांनी १९९५ च्या 'विमेन ऑन द मार्जिन्स'मध्ये मेरियनवर जो मोठा भाग लिहिला आहे तो यासाठीच वाचावा. इतिहासकाराची शिस्त त्यात आहे. किम टॉड यांचे 'क्रिसॅलिस' (२००७) वाचायला अधिक सोपे आहे, आणि त्यात रूपांतराचे विज्ञान चांगले उलगडले आहे. दोन्हींपैकी एकच मिळाले तर टॉड यांचे घ्या.

चरित्रातून कीटक गायब झाला तर काय होते, याचे उदाहरण मार्गारेट फाउंटन. ही इंग्रज बाई १८६२ ची. जवळपास आयुष्यभर फुलपाखरांमागे जग फिरली. १९४० मध्ये त्रिनिदादमध्ये वारली. नॉरिचच्या संग्रहालयाला तिने सुमारे २२,००० फुलपाखरे दिली आणि सोबत एक कुलूपबंद पेटी. १५ एप्रिल १९७८ च्या आधी उघडू नये, अशी अट होती. आत रोजनिशीचे बारा खंड निघाले. त्यातून १९८० मध्ये 'लव्ह अमंग द बटरफ्लाइज' हे पुस्तक संपादित झाले आणि खूप खपले. नावात जे आहे तेच आत आहे: प्रेम पुष्कळ, फुलपाखरे थोडी. फाउंटन मात्र अंडी-अळ्यांपासून फुलपाखरे वाढवण्यात तरबेज होती. परिपूर्ण नमुना हवा तर तो पकडण्यापेक्षा वाढवावा, हे तिचे तंत्र, आणि सुरवंटांची तिची रंगचित्रे लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जपलेली आहेत. तिचा सोबती खलील नैमी हा सिरियाचा दुभाष्या; तिने संग्रहाला स्वतःच्या नावासोबत त्याचेही नाव दिले. तेव्हा हे पुस्तक वाचा, पण ते अर्धे आयुष्य आहे हे मनात धरून वाचा.

आता श्रीमंतांचा संग्रह. वॉल्टर रॉथशिल्ड, बँकर घराण्यातला, बँकेत मन न रमणारा. ट्रिंग इथल्या त्याच्या खासगी संग्रहालयात साडेबावीस लाख फुलपाखरे आणि पतंग होते. त्याच्यासाठी माणसे जगभर हिंडत. आल्बर्ट मीकने न्यू गिनीत जगातल्या सर्वांत मोठ्या फुलपाखराची पहिली मादी १९०६ मध्ये बंदुकीच्या छऱ्यांनी पाडली. वॉल्टरचे चरित्र त्याची पुतणी मिरियम रॉथशिल्ड हिने १९८३ मध्ये लिहिले, 'डिअर लॉर्ड रॉथशिल्ड'. घरातल्या माणसाने लिहूनही त्यात झाकपाक नाही. पैशासाठी धमकावणाऱ्या एका बाईमुळे वॉल्टरला आपला पक्षिसंग्रह अमेरिकेला विकावा लागला, हे तिने उघड लिहिले. मिरियम स्वतः पिसवांची मोठी तज्ज्ञ, त्यामुळे कीटक एका पानावरही नजरेआड होत नाही. या सगळ्या यादीतले माझे सर्वांत आवडते चरित्र हेच.

पिसवांवरून आपल्याकडे यायचा रस्ता मिळतो. मिरियमचे वडील चार्ल्स, वॉल्टरचे धाकटे भाऊ, यांना पिसवांचा नाद. १९०३ मध्ये त्यांनी सुदानमधल्या शेंडी इथून आणलेल्या एका पिसवेला नाव दिले. आज तिला झेनोप्सिला किओपिस म्हणतात. उंदरांवरची ही पिसू. मुंबईत १८९६ मध्ये मांडवीला प्लेग सुरू झाला, १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, त्या वेळी रोग उंदरांकडून माणसाकडे कसा येतो हे कोणी सिद्ध केलेले नव्हते. फ्रेंच डॉक्टर पोल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत पिसवेचा संबंध दाखवला. बरेच लोक हसले. मग मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी प्लेगच्या घरांतून पिसवा गोळा करून पाहिल्या, आणि ती रॉथशिल्डांनी नाव दिलेलीच जात निघाली. लिस्टन यांचा हा निबंध १९०५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. श्रीमंत माणसाचा निरुपयोगी वाटणारा छंद परळच्या प्रयोगशाळेत कसा उपयोगी पडला, हे दाखवायला याहून चांगली गोष्ट नाही.

याच सोसायटीच्या मंडळींत तुम्हाला आपल्या मुलखाची माणसे सापडतील. १८८३ मध्ये ती मुंबईत स्थापन झाली तेव्हा संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन होते, आणि एडवर्ड हॅमिल्टन एटकेनही होता. एटकेन 'एहा' या नावाने लिही. जन्म साताऱ्याचा, १८५१. वडील मिशनरी. काही वर्षे पुण्यात डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवून तो मीठ व जकात खात्यात गेला, आणि त्या नोकरीने त्याला कोकण-कारवारच्या रानांत फिरवले. १९०२ मध्ये गोव्याच्या सीमेवरच्या जकात नाक्यांवर मलेरियाचा तपास करायला त्याला पाठवले. तिथे सापडलेल्या नव्या डासाला त्याचेच नाव मिळाले. 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर' (१८८३) हे त्याचे पुस्तक घरातल्या मुंग्या, डास, गांधीलमाश्या, फुलपाखरे यांच्यावर आहे आणि आजही वाचताना आपल्याच घराच्या भिंती दिसतात. नोकरचाकरांवरचे त्याचे 'बिहाइंड द बंगलो' मात्र साहेबी नजरेचे आहे. मुलांच्या हाती देण्याआधी स्वतः वाचा.

एटकेन, मुलकी सेवेतले डेव्हिडसन आणि वनखात्यातले टी. आर. बेल या तिघांनी १८९० च्या दशकात उत्तर कानड्यात, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, शेकडो सुरवंट घरी वाढवून त्यांची खाद्यझाडे नोंदवली. बेल निवृत्तीनंतरही कारवारलाच राहिले आणि १९४८ मध्ये वारले. त्यांचे आयुष्य त्यांच्या लेखमालेत वाचायचे: १९०९ ते १९२७ या काळात सोसायटीच्या नियतकालिकात आलेली, मैदानी भागातल्या साध्या फुलपाखरांवरची. सह्याद्रीच्या फुलपाखरांच्या खाद्यझाडांची माहिती आज आपण सहज सांगतो. तिचा मोठा वाटा या नोंदींतून आलेला आहे.

भारतीय भाषेत लिहिणारा कीटक-अभ्यासक पाहायचा तर बंगालचे गोपालचंद्र भट्टाचार्य (१८९५ ते १९८१). मुंग्या आणि कोळ्यांवर काम, कलकत्त्याच्या बोस संस्थेत, आणि लेखन बंगालीत. 'बांगलार कीटपतंग' या पुस्तकाला १९७५ मध्ये रवींद्र पुरस्कार मिळाला. बंगाली जाणणारे कोणी शाळेत असेल तर त्यातली दोन प्रकरणे मराठीत करून घ्या. मुलांना फार आवडतील.

अमेरिकेचे मुंग्यांचे अभ्यासक ई. ओ. विल्सन यांचे 'नॅचरलिस्ट' (१९९४) हे आत्मचरित्र वरच्या वर्गातल्या मुलांसाठी ठेवा. लहानपणी माशाचा काटा लागून उजवा डोळा गेला, दुसऱ्या डोळ्याने जवळचे बारीक फार स्पष्ट दिसे, म्हणून मुंग्यांकडे वळलो, असे ते सांगतात. कादंबरीकार नाबोकॉव्हची फुलपाखरे हा वेगळाच विषय आहे, त्यात आत्ता शिरत नाही.

हे सगळे वाचताना एखाद्या मुलाला जाळी घेऊन संग्रह सुरू करावासा वाटेल. त्याला स्पष्ट सांगा की वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली आपल्याकडची अनेक फुलपाखरे संरक्षित आहेत आणि परवानगीशिवाय ती पकडता येत नाहीत. वाढवण्याची आणि नोंदीची वही मात्र एटकेनसारखीच ठेवता येते: तारीख, गाव, झाड, किती दिवसांनी कोष.

पुस्तके मिळवायचे म्हणाल तर बेट्स, वॉलेस, फाब्रची जुनी भाषांतरे आणि एटकेन हे इंटरनेट अर्काइव्हवर फुकट आहेत. सोसायटीच्या नियतकालिकाचे जुने खंड बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत आहेत. शोधताना जुनी नावे टाका. बाचान तेव्हा 'बॅचियन' लिहीत, एगा आज तेफे आहे, आणि कानड्याचे इंग्रजी स्पेलिंग कधी 'सी'ने, कधी 'के'ने सुरू होते. बेलच्या मालिकेत सगळे एकदम उघडू नका. आधी लिंबाच्या फुलपाखराचे पान काढा. शाळेत लिंबाचे झाड असेल तर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी त्याची लहान अळी पानावर शोधा आणि बेलचे वर्णन ओळीने तिच्याशी ताडून पाहा. जिथे फरक दिसेल तिथे तारखेसह वहीत लिहा.